डावा हात बांधला तेव्हा

माझी मुलगी यंदाच पहिलीत गेली. एका दुपारी शाळेतून आली आणि डाव्या हाताने भाकर मोडायला लागली. उजवा हात मांडीवर नुसता पडलेला. सासूबाईंनी डोळे वटारले.

"काऊन वं, डावखुरी झाली का? सासरचे हाकलून देतीन तुले."

पोरगी हसली. हसताना तोंड एकाच बाजूला गेलं. मी पाहिलं.

"आत्याबाई," मी सासूबाईंना म्हटलं, "तिला उजवा हात उचलताच येत नाही हो."

"नखरे हायेत. बापानं लाडावली."

त्यांनी जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि तिचा डावा हात पाठीमागे बांधला. आमच्याकडे डावखुऱ्या पोरांची सवय अशीच मोडतात. उजव्या हातातला घास सारखा ताटात पडत होता. पोरगी रडलीसुद्धा नाही, माझ्याकडे पाहत राहिली. मी गाठ सोडायची, त्या पुन्हा बांधायच्या. नवरा शेतातून आल्यावर सांगितलं तर म्हणाला, "मायले तुह्यापेक्षा जास्त कळते."

सकाळी ती उठून चालायला लागली तर पाय फरफटत होता. तेव्हा कुठे सगळ्यांना लकवा दिसला. तरी दवाखाना नाही. लोणारकडे एक माणूस तेल लावून लकवा उतरवतो, आधी त्याच्याकडे. त्याने पोरीचा दंड चोळून लाल केला. हात तसाच. मग एकदाचं जालन्याला नेलं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी तिची नखं पाहिली, मग छातीला नळी लावली.

"हिचे ओठ निळे पडतात का? पळताना मधेच उकिडवी बसते?"

"हो," मी हळूच म्हटलं. "लहानपणापासून."

"आम्हाले वाटलं, दमते," नवरा म्हणाला.

बाईंनी समजावून सांगितलं. हृदयाला जन्मापासून छिद्र आहे. अशा मुलांचं रक्त घट्ट होतं, त्यात गाठ धरते. ती गाठ मेंदूत गेली. लकवा लहान मुलांनाही होतो. "हात पडला त्याच दिवशी, तासाभरात यायला हवं होतं," त्या म्हणाल्या. आणि आम्ही त्या तासात तिचा चांगला हात बांधत होतो.

ऑपरेशन करावं लागेल, सरकारी योजनेत होईल, पण थांबू नका, पुन्हा गाठ जाऊ शकते, असं बाईंनी बजावलं. एवढं स्पष्ट सांगूनही घरी आल्यावर तेच. सासूबाई आता तिला हाताने भरवतात, रोज दृष्ट काढतात, आणि म्हणतात, "छातीवर चिरा असलेली पोरगी सून म्हणून कोण करीन? डॉक्टरच्या गोळ्यानं होते बरी." नवरा म्हणायचा, सोयाबीन निघू दे. सोयाबीन निघालं. आता म्हणतो, हरभरा पेरू दे. पोरीच्या रक्ताला काय कळतं हरभरा पेरला की नाही! हे मी मनात म्हणते. मनातच म्हणत आले.

आज सकाळी नवरा बियाणं आणायला देऊळगाव राजाला निघाला. मी पोरीला गाडीवर बसवलं आणि मागे बसले.

"तू कुठं?"

"जालन्याले. ऑपरेशनची तारीख घ्यायले. बियाणं येताना घ्या."

"आज नाही जमत. उतर."

मी पोरीला घट्ट धरलं. नवरा गाडी सुरू करेना. शेजारीण अंगण झाडता झाडता थांबली. सासूबाई दारातून म्हणाल्या, "लाज नाही वाटत? पदर तरी घे डोक्यावर."

पदर घेतला. उतरले नाही.