दोन भुंगे आणि दारचा माड

आमच्या दारचा माड आम्ही दोघांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी लावलेला. त्याच्या नव्या झावळ्या कात्रीने कातरल्यासारख्या निघू लागल्या, तेव्हा मी यजमानांना हाक मारली. त्यांना तर चेवच चढला. म्हणाले, "गेंडो आसा!"

गेंड्या भुंगा, काळाकुळकुळीत, नाकावर शिंग. त्याचं बालपण शेणखताच्या खड्ड्यात, म्हणजे आमच्याच गायरीत, आणि जेवण शेंड्याच्या कोवळ्या सुरळीत. मी म्हटलं, "अवो, आधी गायरी उपसा. त्येंची पोरां थंयच वाढतत." पण शेण उपसण्यात कसला आलाय पराक्रम! त्यांना स्वतः वर चढून आकड्याने भुंगा ओढायचा होता. माड चढणारा पाडेली बोलवा म्हटलं, तर म्हणे, "पाडेली कित्याक? मी मेलंय काय?" पाय ठेवायला म्हणून त्यांनी कोयतीने बुंध्यापासून वरपर्यंत खाचा पाडल्या. भुंगा निघाला खरा. काडेपेटीत घालून तो अख्ख्या वाडीत मिरवला.

त्या खाचांतून दुसरा शिरला. सोंड्या भुंगा तांबूस, शेणाकडे ढुंकूनही न बघणारा. अंडी माडाच्या जखमेत, पोरांचा संसार खोडाच्या आत, आणि खायचं तेही खोडच. गेंड्या निदान पानं कातरून बोभाटा तरी करतो, हा मेला कळूच देत नाही. खाचांतून तांबडा चीक गळू लागला तेव्हा मी हात धरून दाखवला. हे मान वर करून शेंडाच बघत राहिले. "गेंडो खंय आसा? माड बरो आसा." कपाळ माझं!

गणपतीच्या आधी वारा सुटला आणि शेंडा मोडून अंगणात पडला. खोड फोडलं, तर आत नुसता भुसा, आणि खाचेखाचेमागे भोक. हे कोयती मांडीवर घेऊन बसून राहिले. मला संताप आला होता आणि रडूही. त्या माडाला पाणी कोणी घालायचं, यावरून आमचं पहिलं भांडण झालं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवं रोप आणलं. त्याच जागेशेजारी खड्डा खणला, आणि घमेल्यामागून घमेलं खत आणून आत ओतलं.

"बघ, उपसलंय तुझी गायरी. झाला समाधान?"

मी वाकून पाहिलं. रोपाच्या मुळाशी, त्या खतात, गेंड्याच्या जाड पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.