अध्यक्षांची आमटी

हार पुढे यायच्या आधीच मान पुढे करायची अध्यक्षांना सवय होती. रत्नागिरीत वाचनालयाचा वर्धापनदिन असो की आंब्यांचं प्रदर्शन, मधली खुर्ची त्यांचीच. घरात मात्र सत्ता काकूंची. काकू गेल्या तेव्हा सत्तरीच्या अध्यक्षांना गॅस पेटवता येत नव्हता.

पुण्याच्या मुलीने बजावलं, "बाबा, डबा तुम्हाला सोसत नाही, बाई टिकत नाही. दिवाळीपर्यंत स्वतःपुरतं करायला शिका, नाहीतर पुण्याला चला." पुण्यात त्यांना कोण ओळखणार? दुसऱ्या सकाळी ते माझ्या दारात. मी शेजारी, एकटा, हाताने रांधून खाणारा.

"आपल्या अनुभवाचा लाभ द्यावा," ते म्हणाले.

"आधी तांदूळ धुवा," मी म्हटलं.

सुरुवातीला ते भात करायला गेले की पेज व्हायची आणि पेज करायला गेले की भात. दोन्हींचं ते सारखंच स्वागत करत.

एकदा तूरडाळ शिजेना. "हल्ली मालाला दर्जा राहिला नाही," ते कुकरकडे बघत म्हणाले. झाकण काढलं तर डाळीत आमसुलं.

"अहो, आंबट आधी घातलं की डाळ शिजत नाही. आमसूल शेवटी."

"अध्यक्षीय भाषणासारखं?"

"हो. आणि बेताने."

ते थोडे दुखावले असावेत. आमटी मात्र सुधारली.

दिवाळीला मुलगी आली ती त्यांची बॅग भरायच्या तयारीनेच. अध्यक्षांनी मलाही जेवायला बोलावलं, पण स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. भात, आमटी आणि एका बाजूने काळा झालेला पापड. प्रास्ताविक नाही, काही नाही. शेकडो सभा गाजवलेल्या माणसाने पळीने आमटी वाढली आणि तो मुलीच्या पानाकडे बघत उभा राहिला.

मुलगी खाली मान घालून जेवली. मग म्हणाली, "बाबा, आमटी आणखी आहे?"

"आहे गो, पुष्कळ आहे!"

बॅग माळ्यावरून खाली आलीच नाही.

पुढे दुपारच्या समारंभांना त्यांनी नकार द्यायला सुरुवात केली. "त्या वेळी कुकर लावायचा असतो," असं ते आमंत्रण घेऊन आलेल्यांना सांगत. खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली. तो कोण, हेही त्यांनी विचारलं नाही. मुलगी सुट्टीला आली की तिला नवनवीन करून घालत आणि मला कांदे चिरायला बसवत.

गेल्या श्रावणात ते झोपेतच गेले. मंडळी स्मशानातून परतली. अशा घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, म्हणून मी कुळथाचं पिठलं आणि भात घेऊन गेलो. मुलीने दोन घास खाल्ले आणि थांबली.

"काका, राग मानू नका," ती म्हणाली, "बाबांचं याहून चांगलं व्हायचं."

मी तिच्या पानात आणखी थोडा भात वाढला. खरंच होतं ते.