जळालेल्या कार्डाची जागा

संगणकाच्या खोलीत धूळ आणि किस्से सारखेच साचतात. धूळ निदान झाडता येते. रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजातून मी निवृत्त झालो, तरी ग्रंथालयाचा जुना सर्वर अजून माझ्याच गळ्यात आहे. मी भौतिकशास्त्राचा डॉक्टर. पण स्क्रू पिळतानाही वाटतं, उलटाच पिळतोय.

*

विजेच्या कडकडाटात सर्वरचं नेटवर्क कार्ड जळालं. मी नवं बसवलं. दिवे लागले, नेटवर्क काही येईना. पुन्हा काढलं, पुसलं, बसवलं. पुन्हा काढलं. संगणक शिकवणारी समीक्षा बघत होती.

"सर, कार्ड नीट बसलंय. आता तुम्ही जरा बसा."

*

ग्रंथालयातले क्लार्क सावंत नाटे गावचे, शनिवारी घरी जाणारे. नेटवर्क बंद म्हणून पेन ड्राइव्ह घेऊन ते दिवसभर जिने चढत होते.

"कार्डाला नाय ओळखत, पण मला ओळखतो हा सर्वर," म्हणाले.

त्यांचं मन मात्र घरी होतं. मुलगी पहिल्या बाळंतपणाला येणार, आणि रिकामी खोली एकच, थोरल्या भावाची. तो बोटीवर खलाशी होता. गेल्या वर्षी वारला. खोलीला कुलूप, किल्ली आईच्या कमरेला.

"आईकडे मागू कशी, सर?"

"योग्य वेळ बघून मागा," मी म्हणालो. या सल्ल्याची मला अजून लाज वाटते.

*

शेवटी घोळ समीक्षाला सापडला. सर्वरने पहिलं नाव जळालेल्या कार्डासाठी राखून ठेवलं होतं. नव्याला दुसरं नाव दिलं होतं, आणि आमची सगळी जोडणी पहिल्या नावावर.

"जुनं गेलं, हे त्याला कोणी सांगितलंच नाही," ती म्हणाली. "त्याची जागा धरून बसलाय."

सावंत दारात उभे होते. "मग जुन्याला पुसायचं?"

"ह्या जागेवरून फक्त, काका. त्याची नोंद मी बाजूला ठेवते."

सर्वर पुन्हा सुरू केला. नेटवर्क आलं. सावंतांनी पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला आणि ते गावची एसटी गाठायला निघाले; शनिवार होता.

*

सोमवारी ते आले, तर नखांत भिंतीचा चुना.

"खोली उघडली?" मी भीतभीतच विचारलं.

"आईनंच उघडली. दादाचा फोटो ओटीवर लावायला सांगितलान. मी खिळा ठोकायला घेतला, तर म्हणते, जरा वर ठोक. पोर उभं राहिलं की हात घालील."