चिंचेनं घासलेले शिंपले

मालवणच्या किनाऱ्यावर सगळी पोरं रंगीत, धड शिंपले वेचत आणि आमच्या चौगुले मॅडम फुटके. कोल्हापूरच्या कॉलेजात त्या प्राणिशास्त्र शिकवत, मी वनस्पतिशास्त्र. नव्वदच्या दशकात, पहिल्याच सहलीत मी कौतुकानं एक चकचकीत शंख त्यांच्या हातावर ठेवला. म्हणाल्या, "सर, ह्याला अजून काय झालंयच न्हाय की! ह्यो मला काय सांगणार?" आणि खुशाल समुद्रात भिरकावला.

त्यांची पीएच.डी. मेलेल्या शिंपल्यांवर होती. आतला जीव गेल्यावर भरती-ओहोटीच्या पट्ट्यात त्या कवचाचं काय होतं? लाटा कडा झिजवतात, ऊन रंग खातं, शेवाळ चढतं, बारीक किडे भोकं पाडून आत बिऱ्हाड थाटतात. "कोण कोण हात फिरवून गेलं, ते सगळं वाचता येतं बघा," असं त्या म्हणायच्या. त्यासाठी जाळीच्या पिशव्यांत शिंपले भरून खडकांना बांधले होते, आणि अमावास्येची मोठी ओहोटी गाठायला बाई एसटीत बसलेल्याच. "काय मॅडम, माहेरला?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "व्हय, येताय का मुराळी म्हणून?"

दोन वर्षांनी पिशव्या सोडून आणल्या. नेमकं तेव्हाच प्रयोगशाळेत रंगकाम निघालं, म्हणून शिंपले उचगावला घरी नेले. त्यांचे गाईड आणि मी ते बघायला गेलो, तर मॅडमच्या आईनं पांढऱ्याफटक शिंपल्यांची परात आमच्यापुढं ठेवली.

"चिंच लावून काथ्यानं घासलं बघा, सायेब. हाताची सालं निघाली माझ्या. हिला मेलीला स्वच्छतेची आवडच न्हाय!"

शेवाळ गेलं, किड्यांची घरं गेली, दोन वर्षं गेली. गाईड चहाच्या कपात बघत राहिले. मॅडमचे डोळे भरले होते, पण त्या एवढंच म्हणाल्या, "आये, समुद्राला जमलं नसतं गं हे." आई जाम खूश!

मग पुन्हा पिशव्या, पुन्हा एसटी. पदवी लांबली कशानं, हे आईला शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

आई गेल्यावर काही महिन्यांनी ते घासलेले शिंपले प्रयोगशाळेच्या काचेच्या कपाटात दिसले. तिथं प्रत्येक नमुन्यापुढं ठिकाण आणि झिजेचं कारण लिहिलेली चिठ्ठी असे. मला राहवलं नाही. म्हटलं, "मॅडम, ह्यांना तर काय झालंयच न्हाय की!"

त्यांनी चिठ्ठी माझ्याकडं वळवली.

ठिकाण : उचगाव. कारण : आई.