लावण्याजोगा फोटो

वारज्यातल्या आमच्या पासपोर्ट-फोटोवाल्यांच्या दुकानात भिंतभर एकाच नामवंत छायाचित्रकाराचे कृष्णधवल फोटो आहेत, मासिकांतून कापलेले. दुसऱ्या कुणाच्या रंगीत फोटोंचं कौतुक केलं की म्हणतात, "छान. कॅलेंडर होईल." मग भिंतीकडे बोट दाखवतात. "हा माणूस थांबतो हो. आपण नुसतं बटण दाबतो."

"तुमचा एकही नाही?" मी एकदा विचारलं.

"लावण्याजोगा निघाला की लावू."

पुढे त्यांनी माझ्या वडिलांना अर्धा तास गप्पांत गुंतवून पेन्शनसाठी फोटो काढला. कचेरीनं तो नाकारला. एरवी फोटोत कधीच न हसणारे वडील त्यात हसत होते. फोटोवाल्यांनी दुसरा काढून दिला.

परवा गेलो, तर भिंतीच्या तळाशी तोच हसरा फोटो चिकटवलेला. मी वाकून पाहिलं.

कात्रीवरची नजर न काढता ते म्हणाले, "त्या दिवशी थांबलो होतो."