घडी घातलेलं उपरणं

कोपरीतल्या आमच्या मतदान केंद्राबाहेर, एका पक्षाच्या टेबलापाशी एक काका बसलेले. आमच्या घराचं मत आजोबांपासून त्याच पक्षाला. यंदाचा उमेदवार मात्र मला अजिबात पटत नव्हता.

"आमचं अख्खं घर तुमचंच," चिठ्ठी घेताना मी उगाच म्हटलं.

काका स्वतःही मत द्यायलाच उठत होते. त्यांनी गळ्यातलं पक्षाचं उपरणं काढून, घडी घालून टेबलावर ठेवलं.

"हे आत नेता येत नाही. बरंय ते," ते म्हणाले. "आत माणसाने एकट्याने जावं. तूपण घर बाहेर ठेवून जा, बाळा."

त्या दिवशी पहिल्यांदा मी स्वतःच्या मनाने बटण दाबलं.

मी बाहेर आले तेव्हा उपरणं पुन्हा त्यांच्या गळ्यात होतं. माझ्या बोटावरची शाई बघून ते हसले. कुणाला दिलंस, हे मात्र विचारलं नाही. त्या न विचारण्याचे आभार मानायचे राहिलेत.