समुद्राच्या टाकीत बोरचं पाणी

आमच्या अकोल्यात समुद्र कुठला! नळाला पाणी येतं तेच चार-पाच दिवसांनी. पण आमच्या ह्यांनी पुढच्या खोलीत, दिवाणाच्या जागी, समुद्र मांडला होता. दिवाण गच्चीवर गेला आणि पाहुणे आले की सतरंजीवर बसायचे.

हे मोटारपंप दुरुस्त करायचे. आयुष्यभर लोकांच्या विहिरीतलं पाणी वर आणून दिलं. लेकीचं लग्न झाल्यावर आम्ही एकदाच कोकणात गेलो, तिथे कुठेसं काचेमागे समुद्रातले मासे ठेवलेले पाहिले, आणि हा माणूस त्या काचेपुढून हलेचना. तिथल्या रखवालदाराने दिवे बंद करायला सुरुवात केली तेव्हा हात धरून ओढत आणलं मी. घरी आल्यावर दुकान हळूहळू कमी केलं आणि टाकी वाढवत नेली. आत खडक, खडकावर जिवंत प्रवाळ. कोणी बटणासारखं, कोणी कोबीच्या पानासारखं, आणि मधोमध एक मोठं केशरी फूल. फूल म्हणजे झाड नव्हे हं, तोही प्राणीच. त्याच्या बोटांमध्ये पांढऱ्या पट्ट्यांचे दोन नारिंगी मासे राहायचे, नवरा-बायको. त्यातली बायको फार तिखट. ह्यांनी आत हात घातला की चावायची. हे म्हणायचे, "ही तुह्यावरच गेली."

ह्या टाकीचं एक शास्त्र आहे, ते आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. समुद्राचं मीठ पुड्यात मिळतं. ते गाळलेल्या शुद्ध पाण्यात मोजून मिसळायचं. पाणी उडून जातं, पण मीठ मागेच राहतं. म्हणून रोज वरून जे घालायचं ते गोडंच पाणी, तेही आरओचं. आमचं आरओ मशीन एक बादली पाणी द्यायला दोन-तीन बादल्या वाया घालवायचं. त्या वाया गेलेल्या पाण्यात मी भांडी घासायची, फरशी पुसायची, तरी शेजारीण फाटकातून ओरडायचीच, "काकू, माशायले आरओ अन् आमाले टँकर!"

उन्हाळ्यात तर टाकीला गार ठेवायचं वेगळं यंत्र. पाणी गार व्हायचं आणि खोलीची भट्टी. वीज गेली की इन्व्हर्टरवर टाकी चालायची, आमचा पंखा बंद. मी पदराने वारा घेत म्हणायची, "मासा झाली असती तं बरं झालं असतं." हे म्हणायचे, "तू कायची मासा वं, तू खेकडा." असं चाललं होतं. दिवस बरे होते, हे तेव्हा कळत नाही.

मग ह्यांच्या किडन्या गेल्या.

ह्यांचं गाव बाळापूरकडे, खारपाणपट्ट्यात. तिथे विहीर खणा, बोर मारा, पाणी खारंच. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहात दूध फाटतं. मी नवी नवरी होऊन गेले तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा हेच शिकवलं, की डाळीचं पाणी वेगळं भरून ठेवायचं. पिढ्यान्‌पिढ्या तेच पाणी पिऊन माणसं जगली. गावात किती घरी किडनीचा पेशंट आहे ते विचारू नका. डॉक्टर नक्की पाण्यानेच असं सांगत नाहीत. आम्हाला सांगायला डॉक्टर कशाला पाहिजे?

आठवड्यातून दोनदा डायलिसिस. हाताला त्या जाड सुया. आधी हे हसत गेले, नंतर गप्प गप्प जाऊ लागले. उन्हाळ्याच्या तोंडाशी सुयांच्या जागी पू झाला, ताप चढला. लेक अमरावतीला राहते, ती म्हणाली, इकडेच आणा. तिथे दवाखान्यात भरती केलं. ताप उतरला, पण ह्यांचं मन उतरलं ते उतरलंच. एका सकाळी नर्स सुया घेऊन आली तर हात पाठीमागे लपवला, लहान मुलासारखा. म्हणाले, "बस झालं आता. मले नाई पायजे."

लेक रडली, डॉक्टरांनी समजावलं. मी नुसतं विचारलं, "अन् टाकी?"

ह्यांनी वर पंख्याकडे पाहिलं. मग हात पुढे केला. "टाकी पाहाले तं घरी जा लागन."

तेव्हापासून मला, लेकीला आणि त्या डॉक्टरांनाही माहीत होतं, की ह्या माणसाचा जीव अकोल्यात त्या काचेच्या पेटीत अडकलेला आहे.

टाकी पाहायला माझे धाकटे दीर गावाहून येऊन आमच्या घरी राहिले होते. शेती सोडून, बरं का, भावासाठी. हे फोनवरून रोज सांगायचे, "जेवढं कमी झालं तेवढंच पाणी टाकजो. खाणं चिमूटभर." तिकडून आवाज यायचा, "हो दादा. तू फिकर नको करू." कोणतं पाणी, हे दोघांपैकी कोणी कधी बोललंच नाही. ह्यांना वाटलं, एवढं तर माहीतच असणार.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात मी कपडे आणायला एस्टीने अकोल्याला आले. दार उघडलं तर दीर खूश. "पाहा वहिनी, कशी चकचकीत केली!"

टाकी खरंच आरशासारखी लख्ख होती. पण खोलीत सडक्या अंड्याचा वास. प्रवाळ सगळं आकसून खडकाला चिकटलेलं. केशरी फूल उलटंपालटं होऊन तळाशी पडलेलं, ओल्या फडक्यासारखं. दोन मासे वर कोपऱ्यात, तोंडं उघडत होते.

"भाऊजी, काय केलं?"

"कायी नाई. नळ आला नाई, मशीन बंद पडली. पाणी बी हिरवं दिसून राहिलं होतं. मंग गावाहून पिकअपमध्ये ड्रम आणले. अर्धं काढलं, ताजं भरलं."

"गावाहून? कोणतं पाणी?"

"आपल्या बोरचं." माझं तोंड पाहून त्यांचा आवाज खाली आला. "समुद्रातले मासे हायत नं? त्यायले खारंच लागते. आपलं पाणी तं खारंच हाय, वहिनी."

जन्मभर ज्या माणसाने खारं पाणी म्हणजे एकच पाणी ओळखलं, त्याला मी काय सांगणार, की एवढा खारटपणा समुद्राच्या पासंगालाही पुरत नाही, आणि त्यातले क्षार निराळे? सांगितलं तरी. ते टाकीपुढे खालीच बसले. मग म्हणाले, "वहिनी, दादाले नका सांगू."

अमरावतीच्या ज्या दुकानातून मासे आणले होते त्या दुकानदाराला फोन केला. तो सांगत गेला, मी मीठ मिसळत गेले, हळूहळू. मासे वाचले. ते चिवट असतात म्हणे, कमी खाऱ्यात तग धरतात. बाकी काहीच वाचलं नाही. हाताने काढलं मी सगळं. बोटांतून गळत होतं. दिरांनी अंगणात खड्डा केला, त्यात टाकलं.

संध्याकाळी ह्यांचा फोन, व्हिडिओवाला. "दाखवजो टाकी."

"लाइट गेली."

"इन्व्हर्टर हाय नं."

मी फोन ठेवून दिला. ह्यांना काय कळायचं ते तेव्हाच कळलं असेल.

दुसऱ्या दिवशी दीर म्हणाले, मीच सांगतो. आम्ही दोघं एस्टीने अमरावतीला गेलो. दवाखान्यात ते पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, टोपी हातात, आणि सगळं सांगितलं. ड्रमसकट.

हे ऐकत होते. मग हसले.

"अबे, त्या पाण्यात आपल्या मायची डाळ नाई शिजली कधी. फूल कसं जगन?"

"दादा, मले मार दोन."

"मारू कायले? सुयांच्या हातानं?" मग म्हणाले, "जाय, चहा आण वहिनीसाठी. साखर कमी."

दीर खाली गेले तसं ह्यांनी भिंतीकडे तोंड केलं. मी पाठीवर हात ठेवला. हाडंच लागली हाताला. भिंतीकडेच पाहत बोलले, "आता सुया सोडतोच म्हणत होतो मी. टाकी बी गेली. पण आता सोडलं तं हा जनमभर म्हणन, माह्या पाण्यानं दादा गेला."

मी ह्यांच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं.

"नर्सले सांग, उद्या येजो म्हणा."

काही दिवसांनी दवाखान्यातून सुट्टी मिळाली, असे आम्ही घरी आलो. लेकीने नवीन प्रवाळ आणू म्हटलं, ह्यांनी नको म्हटलं. टाकीत पांढरे खडक आणि दोन मासे. अंधार पडला की ते अजून त्याच जागी जाऊन आडवे व्हायचे, फूल होतं तिथे, उघड्या दगडावर. हे पाहत बसायचे. आत हात घालत नसत. डायलिसिसच्या प्रत्येक दिवशी दीर गावाहून यायचे, दादाला रिक्षात बसवायचे, तिथे बाहेर बाकावर थांबायचे. दोघं पाऊस, कपाशी, बैलाचा खूर, सगळं बोलायचे. टाकीवर कधीच नाही. हे सुया टोचून घ्यायचे ते कोणासाठी, ते फक्त मला माहीत होतं. उन्हाळा गेला, पाऊस गेला. थंडीत एक दिवस दुपारी जेवून पडले ते उठलेच नाहीत. डॉक्टर म्हणाले, हृदय.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. दीर मागे राहिले. टाकीतलं पाणी उतरलं होतं. दिवसांच्या गर्दीत कोणी बघितलंच नव्हतं. त्यांनीच आरओची बादली उचलून आणली आणि तांब्याने थोडं थोडं घालू लागले, बाया समईत तेल घालतात तसं जपून. मासोळी वर आली आणि चावली त्यांना. त्यांनी हात काढला नाही.

माझ्याकडे न पाहता विचारलं, "वहिनी, खरं सांगा. दादा त्या ड्रमच्या पाण्यानं नाई नं गेला?"

"नाही, भाऊजी," मी म्हटलं. "ते पाणी आलं तेव्हाच सुया सोडणार होते. तुमच्यासाठी थांबले."

त्यांनी तांब्या पुन्हा बुडवला. मग बादलीतलं उरलेलं घालू लागले.